पोटातल्या जंतूंच्या डॉक्टरीणबाई

डॉ. सुनंदा खळीकर यांची साठी पूर्ण होते आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी लिहितील, ते योग्यच आहे. मी त्यांच्यापैकी कुणी नाही. परभणी तालुक्यातल्या झरी गावची मी शेती करणारी बाई. माझे यजमान मॅडमचे रुग्ण होते, माझी मुलगी आजही आहे. रुग्णाच्या घरचं एक माणूस हवं, असं संपादकांनी कळवलं, म्हणून लिहिते.

मॅडमची पहिली भेट शहरातल्या रुग्णालयात झाली. यजमानांचे हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, डोळे पिवळे पडले होते. अशा माणसाबद्दल गाव एकच गोष्ट बोलतं. सोबत आलेले चुलत दीर तिथंही सांगत होते, "पीत असंल चोरून. आमाला काय दावून पितंय का?" मॅडमनी बॅटरीच्या उजेडात यजमानांचे डोळे पाहिले. बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं दिसत होतं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यांनी दारू प्यायलेली नाही. हा विल्सनचा आजार आहे."

अन्नातून थोडं तांबं प्रत्येकाच्या पोटात जातं. जास्तीचं तांबं यकृत बाहेर टाकतं. या आजारात ते बाहेर पडत नाही. आधी यकृतात आणि मग मेंदूत, डोळ्यांत साठत जातं. आजार जन्माचा असतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच तो होतो. यजमानांचं यकृत तोवर संपत आलं होतं. त्या वर्षाच्या सुगीला ते नव्हते. पण ते दारूनं गेले असं गावात कुणी म्हणत नाही, ही मॅडमची देणगी मी सगळ्यात वर ठेवते.

माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आपल्याकडं मामाची मुलगी करतात, तसं आमचं लग्न झालेलं. आपल्या मुलाला, म्हणजे यजमानांना, रोज पहाटे तांब्याच्या हंड्यातलं पाणी आत्याच द्यायची. आजाराचं नाव कळल्यापासून ती त्या हंड्याकडं बघत नव्हती आणि जेवतही नव्हती. मॅडमनी तिला जवळ बसवून सांगितलं, "हंड्यानं आजार झाला नाही. तुमच्या सगळ्या गावानं तांब्यातलंच पाणी प्यायलं. आजार तुमच्या मुलाबरोबरच जन्मला होता. आता मात्र नातीला त्यातलं देऊ नका." आत्या त्या दिवशी जेवली.

नातीला, म्हणजे माझ्या अश्विनीला, तोच आजार निघाला. नवरा-बायको एकाच रक्ताचे, म्हणून मॅडमनी तिला लगेच तपासलं होतं. तिला काहीच त्रास नव्हता. वेळेत गोळ्या सुरू झाल्या. त्या जन्मभर घ्यायच्या आहेत.

मॅडमचं संशोधन माणसाच्या आतड्यातल्या जंतूंवर आहे. जंतू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो, पण पोटात जन्मभर वस्तीला असलेले अब्जावधी जंतू अन्न पचवायला मदत करतात. यकृताच्या या जन्मजात आजारात ती वस्ती बदलते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी आजारी माणूस आणि त्याच घरात, त्याच चुलीवरचं खाणारी निरोगी माणसं, अशा दोघांच्या शौचाचे नमुने हवे होते. "नेहमीचं खा, काही बदलू नका," असं त्यांनी बजावलं होतं. त्या बर्फाची पेटी घेऊन घरी आल्या तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"काल काय काय जेवलात, आत्याबाई?"

"जेवतेत व्हय? तपासणी उपाशीपोटी असती एवढं कळतंय आमाला. घरादारानं उपास धरलाय. नुसती भगर. अन् रात्री समद्यांना एरंडेल बी दिलंय. आता बघा कसं सोच्छ काम हाय."

मॅडमसोबत आलेल्या विद्यार्थिनीनं कपाळाला हात लावला. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आत्याबाई, मी ज्यांना भेटायला आले, त्यांनाच तुम्ही हाकलून दिलंत."

"मग बोलवा की माघारी! तुमी डॉक्टर हायेत ना?"

"ते तुमच्या हातात आहे. भाकरी खा, ताक प्या, रोजच्यासारखं राहा. येतील."

पेटी रिकामी गेली. पुढं बरेच दिवस थांबून मॅडम पुन्हा आल्या आणि नमुने घेऊन गेल्या. मधल्या काळात त्यांच्याकडून रागाचा एक शब्दही आला नाही. मी सातवी शिकलेली. पुढं मिळेल ते वाचत गेले. यकृताची माहिती मराठीत मिळेल का, असं मी त्या खेपेला विचारलं. किती शिकलात, असं न विचारता त्यांनी पुस्तक पाठवलं.

पुढं परभणीत त्यांनी नमुने दिलेल्या सगळ्या घरांना बोलावून काय दिसलं ते सांगितलं. आजारी माणसांच्या पोटातली जंतूंची वस्ती वेगळी दिसते, काही जाती कमी झालेल्या दिसतात. एकानं उठून विचारलं, "म्हंजे ताक प्यालं की बरं होतंय का?" मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही. वस्ती आजारानं बदलली, औषधानं बदलली, की आणखी कशानं, हेही अजून माहीत नाही."

पेपरात मात्र छापून आलं की पोटातल्या जंतूंनी यकृत बरं होणार. खाली मॅडमचं नाव होतं. गोळ्यांनी अश्विनीला मळमळायचं, त्याला ती कंटाळली होती. तिनं गोळ्या बंद केल्या आणि आजीच्या हातचं ताक सुरू केलं. काही आठवड्यांनी मला तिनंच सांगितलं, आनंदानं. मी मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं झरीला आल्या.

"तुमीच म्हणलात ना, जंतू वेगळे असतेत?" अश्विनी म्हणाली.

"म्हणाले. ताकानं आजार जातो, असं म्हणाले?"

"न्हाई. पण पेपरात हाय."

"पेपरात माझं नाव आहे, बोलणं माझं नाही. हे बघ बाळा, उद्या माझं सगळं संशोधन चुकीचं निघालं तर मला वाईट वाटेल, आणि मी ते पुन्हा करीन. तुझं यकृत मला पुन्हा करता येत नाही."

मग आत्याच उठली, डब्यातून गोळी काढली आणि पाण्यासकट तिच्यापुढं धरली. "घे. माझं ताक कुठं पळून जायलंय का? जेवताना पी."

मॅडमनी गोळी बदलून दिली, मळमळ कमी झाली. अश्विनी आता शेतकी कॉलेजात शिकते. मळमळ पूर्ण गेलेली नाही, तरी गोळी चुकत नाही. आत्याही भावकीत कुणी मामाची मुलगी करायची म्हटलं की विचारते, "आधी रक्त दावलं का डॉक्टरला?"

यजमानांच्या वेळी मॅडमनी मला ते बरे होतील असा शब्द दिला असता, तर मी तो धरून बसले असते. त्यांनी दिला नाही. त्या वेळी ते कठीण गेलं. पण म्हणूनच मुलीच्या वेळी त्यांच्या प्रत्येक शब्दावर मला भार टाकता आला.

अशा ग्रंथात शेवटी शंभर वर्षं जगा असं लिहायची रीत आहे. मी तसं लिहिलं तर मॅडम विचारतील, "कशावरून?" तेव्हा मला माहीत आहे तेवढंच लिहिते. तुम्ही पुष्कळ जगावं, धडधाकट राहावं, अशी या घरातल्या तिघींची इच्छा आहे. त्या तिघींत अश्विनी आहे. या खेपेला पेटी न घेता जेवायला या. घरात कुणीही उपास धरलेला नाही.