जगूचा डोंगर

मेलेल्या माणसाला जित्याच्या शेजारी उभं करावं तर हुलसूरच्या रामलिंगानंच, असं त्या भागात बोललं जाई. तिकडे भालकीपासून इकडे निलंग्यापर्यंत कुणाचा नवरा अवचित गेला आणि दोघांचा मिळून फोटो काढायचा राहून गेला, की ती बाई भावाला नाही तर दिराला घेऊन हुलसूरची बस धरायची. पदराच्या गाठीतून नवऱ्याचा एखादा जुना फोटो सोडायची. तो बहुधा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला असायचा. रामलिंग त्यातला तेवढा माणूस मोठा करून घेई, बारीक कात्रीने कडेकडेने कापी, बाईच्या ताज्या फोटोवर चिकटवी, सांध्यावरून ब्रश फिरवी आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढी. ह्याला जोडफोटो म्हणत. बाया तो हातात घेऊन रडत आणि रामलिंग दुसरीकडे तोंड करून उगीच कॅमेऱ्याची काच पुसत बसे.

जोड कुठे आहे ते मात्र कुणाला सापडत नसे.

"उजेड बघायचा," तो सांगे. "बायकूच्या डाव्या गालावर उजेड आन नवऱ्याच्या उजव्या, असं झालं की मानसं दोन जागी हायती हे आंधळ्यालाबी कळतंय."

रामलिंगाचा बाप जन्मभर मेंढरांमागे फिरला होता आणि आजासारख्या घोंगड्याही विणायचा. पोराने काठी टाकून कॅमेरा धरला तेव्हा भावकीने नावं ठेवली. पण एकसष्ट साली बसथांब्याच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून स्टुडिओ निघाला आणि वर्षभरात तीच भावकी इस्त्रीचे सदरे घालून खुर्चीवर बसायला आली. खुर्चीच्या मागे एक पडदा होता. बसवकल्याणच्या एका पेंटरने तो कॅलेंडर बघून रंगवला होता. त्यावर बर्फाचे डोंगर होते आणि पेंटरची हौस एवढ्यावर न भागल्याने त्या बर्फाच्या पायथ्याला नारळाची दोन झाडंही होती. मधलं शिखर हुबेहूब ज्वारीच्या राशीसारखं दिसे. तालुक्यातली निम्मी लग्नं त्या राशीपुढे उभी राहून गेली, कुणी कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती एकट्या जगूने. जगू म्हणजे जगदेवी, रामलिंग आणि रेणुकाबाईची एकुलती एक पोर. सत्तरच्या दिवाळीत ती सात वर्षांची होती. आईने शिवलेला नवा झगा घालून ती पडद्यापुढे आली. रामलिंगाचा नियम असा, की खालची चादर मळते म्हणून चपला बाहेर. नियम म्हणजे नियम, घरच्या पोरीलाही सुटका नव्हती. जगू अनवाणी उभी राहिली, पण अंगात वारं भरल्यासारखी एकसारखी हलत होती.

"अप्पा, ह्यो डोंगर खरा हाय का?"

"पडदाय गं. हलू नको."

"मग खरा कुठं हाय?"

"लांब हाय. तू हलली न्हाईस तर खरा डोंगर दावतो तुला. बोल."

पोर थांबली. नाकावर माशी बसली तरी पापणी हलवली नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताच्या खिडकीतला उजेड तिच्या उजव्या गालावर, तिथल्या तिळावर पडला होता. तेवढा एकच फोटो रामलिंगाने तिचा काढला. घरचंच लेकरू, पुन्हा कधीही काढता येईल, असं त्याला वाटलं. सुताराच्या दाराला फळी नसते म्हणतात, ते काही उगीच नाही.

पुढच्या वर्षी पौषात जगूच्या छातीत कफ दाटला. थंडीने तिचे दात वाजत होते. रेणुकाबाईने सासऱ्याने विणलेली काळी घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली आणि दोघं तिला घेऊन बसवकल्याणला निघाली. दवाखाना लागायच्या आधीच पोर गार झाली. मातीत ठेवताना कुणीतरी घोंगडी काढायला हात घातला, तेव्हा रेणुकाबाईने तो हात झिडकारला. "ऱ्हाऊ द्या. थंडी हाय," एवढंच ती बोलली. जगूला घोंगडीसकट पुरलं.

फोटो रेणुकाबाईने ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला. भिंतीला लावला नाही. रामलिंगाने पुन्हा हजार वेळा "हलू नको" म्हटलं, पण "खरा डोंगर दावतो" असं कुठल्याही लेकराला म्हटलं नाही. पोरगी हलली नव्हती. तिने तिचा शब्द पाळला होता आणि बापाने नाही.

अशी अकरा वर्षं गेली. ब्याऐंशी साली रामलिंग गुलबर्ग्याला फिल्म आणायला गेला असताना दुकानात लिंगराज सर भेटले. कॉलेजात चित्रकला शिकवायचे, फोटोचं वेड. ते हिमालयात फोटोग्राफीचा ट्रेक नेत होते. वाटाड्या, तंबू, स्वयंपाकी सगळं ठरलेलं.

"ट्रेक म्हंजे काय सर?"

"पायी डोंगर चढायचा, मुक्काम करत."

"मग आमचा बाप जलमभर ट्रेकच केला म्हना की," रामलिंग म्हणाला. सर हसले. रामलिंग मात्र बर्फाचे डोंगर असतील का, एवढंच विचारून नाव लिहून घरी आला.

रेणुकाबाईला त्याने खरं कारण सांगितलं नाही. फोटो हातात देऊनच सांगायचं होतं. तिने विचारलंही नाही. फक्त पिशवीत तिळाची चटणी, धपाटे आणि एक घोंगडी भरली. सरांच्या यादीत जाकीट आणि स्वेटर लिहिलेलं. शहरातल्या डॉक्टर-इंजिनिअरांमध्ये घोंगडी कशी काढायची, म्हणून रामलिंगाने ती हळूच काढून कपाटामागे ठेवली. धनगराच्या पोराला घोंगडीची लाज वाटली, ह्याची पुढे त्यालाच लाज वाटली.

कुमाऊंच्या डोंगरात एका खिंडीपाशी पहिला मोठा मुक्काम होता. इंग्रजांच्या वेळचा एक डाक बंगला आणि समोर उत्तरेला बर्फाची रांगच्या रांग. वाटाड्या नेगी नावाचा, बोलायला मोजका. त्याने पहिल्याच संध्याकाळी बजावलं, की फोटो काय ते पहाटे काढून घ्या, दुपारनंतर डोंगर आपला नसतो, ढगांचा असतो.

पहाटे सगळे कुडकुडत बाहेर आले. सूर्य उजवीकडून वर आला आणि शिखरं एकेक करून पेटली. बाकी सगळ्यांचे कॅमेरे वाजू लागले. रामलिंग आपला यशिका कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बघत उभा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोट बटणावर जाईना.

"रामलिंग अण्णा, काढायलात न्हाई कामून?" सरांनी विचारलं.

"उजेड उजवीकडनं हाय, सर. मला डावीकडनं पाहिजे."

"मग निगेटिव्ह उलटी घाला की! डार्करूममधलं एका मिनिटाचं काम."

"मग डोंगर उलटा हुतोय."

"कोण ओळखायलंय तो?"

"पोरगी," रामलिंग म्हणाला. आणि तिथे, त्या थंडीत, त्याने सरांना सगळं सांगितलं. पोरीला खरा डोंगर कबूल केलाय. तिला खऱ्या डोंगरापुढं उभी करून तिच्या आईच्या हातात द्यायचीय. पोरीचा फोटो उलटा घालावा तर तीळ ह्या गालावरून त्या गालावर जातो, आई एका नजरेत ओळखेल. डोंगर उलटा घालावा तर मग बसवकल्याणच्या पेंटरने काय वाईट काम केलं होतं?

आता बघा, जन्मभर कात्री आणि गोंदावर जगलेला माणूस. मेलेली पोर डोंगरापुढे चिकटवायला निघालेला. आणि हा म्हणे डोंगर उलटा चालणार नाही, खरा पाहिजे! पण सरांना हसू आलं नाही. त्यांनी नेगीशी बोलून घेतलं. बाकीचे पुढे हिमनदीपर्यंत गेले आणि रामलिंग चार दिवस डाक बंगल्यावर मागे राहिला. एवढ्या लांब येऊन हिमनदी त्याने पाहिलीच नाही.

बंगल्याचा चौकीदार म्हातारा होता. चालता-बोलता त्याच्या हातात लोकरीची टकळी फिरत असे. ती बघून रामलिंगाला बाप आठवला. त्याची दखनी आणि म्हाताऱ्याची पहाडी, दोघांची भाषा अर्धीच जुळायची, पण लोकर हातात घेतली की दोघांनाही सगळं कळायचं. रोज दुपारी जेवण झालं की रामलिंग कॅमेरा तिवईवर लावून उत्तरेकडे तोंड करून बसे. उजेड डावीकडे सरकू लागे आणि तेवढ्यातच खालच्या दरीतून ढग चढून सगळं पुसून टाकत. असे तीन दिवस गेले. अंगातलं जाकीट थंडीला पुरेना. म्हातारा आपली कांबळ त्याच्या खांद्यावर टाकून जाई. रामलिंगाच्या नाकाला ओळखीचा वास येई, ओल्या मेंढराचा.

चौथ्या दिवशी सकाळी भुरभुर बर्फ पडून गेलं. खिंडीतलं गवत पांढरं झालं. दुपारी ढग आले, थांबले आणि कुणी पडदा ओढावा तसे बाजूला झाले. एक कप चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. डावीकडचा उजेड शिखराच्या डाव्या अंगावर पडला, जगूच्या गालावर पडला होता तसाच. रामलिंगाची बोटं काकडून लाकूड झाली होती, वाकेनात. त्याने ती काखेत दाबली, तोंडात घातली. मग भिंगाला डोळा लावला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हलू नको."

आपण कुणाला काय म्हणालो ते ध्यानात आलं तेव्हा रोलमधल्या बारापैकी सात फोटो निघाले होते आणि ढगांनी डोंगर झाकला होता. रामलिंग तिथेच बर्फात बसून मोठ्याने रडला. अकरा वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलेलं.

घरी आल्यावर थंडीच्या गोष्टी त्याने रेणुकाबाईला सांगितल्या, बोटं कशी वाकत नव्हती ते सांगितलं, पण फोटोचं बोलला नाही. स्टुडिओचं दार लावून दोन दिवस तो काम करत होता. ट्रंकेतला फोटो तिच्या नकळत आणून त्याची मोठी प्रत काढली. शेकडो माणसं कापलेली ती कात्री जगूच्या वेणीपाशी आणून त्याने दोनदा खाली ठेवली. वेण्या, कोपर, झग्याची झालर, घोटे, दहा बोटं. मग त्याने तिला खिंडीतल्या पांढऱ्या गवतावर उभं केलं, मागे डोंगर. उजेडाला उजेड मिळाला. आयुष्यात असा जोड त्याला कधी साधला नव्हता.

दुपारी त्याने काचेची चौकट रेणुकाबाईच्या हातात दिली. तिने हात पदराला पुसले आणि उभ्यानेच बघत राहिली. इतर बाया रडतात तशी ती रडेल म्हणून रामलिंग आधीच दुसरीकडे तोंड करून बसला होता. रडण्याचा आवाज येईना.

"जोड दिसायलाय का?" त्याने शेवटी विचारलं.

"न्हाई." मग काचेवर बोट टेकवून, "पायात काय न्हाई तिच्या."

"स्टुडिओत काढला व्हता न्हवं. चपला बाहीर."

"हे खाली बर्फ हाय का?"

"व्हय."

"तितं लई थंडी हुती म्हनलाव. बोटं वाकत नव्हती म्हनलाव."

"व्हय."

रेणुकाबाईने मान वर केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मग तिच्यापाशी घोंगडी हुती की. ती कामून काढून घेतलाव?"

उजेड कुठून येतो, डोंगर सुलटा आहे का, तीळ कुठल्या गालावर आहे, सगळं रामलिंगाने बघितलं होतं. चार दिवस दुसऱ्याची कांबळ पांघरून बसला होता. आणि पोरीला झग्यावर, अनवाणी, बर्फात उभी करून आला होता. पौषात दात वाजत गेलेल्या पोरीला.

त्याने तिच्या हातातून चौकट घेतली, काच काढली, काळी शाई आणि बारीक ब्रश घेतला. संध्याकाळपर्यंत तो बसून घोंगडी रंगवत होता. बाप विणायला बसला की बघितलेला एकेक धागा, काठाच्या दोन पांढऱ्या रेघा. झगा झाकला, झालर झाकली, दहा बोटं झाकली. एवढा तोंडाचा गोल आणि उजव्या गालावरचा तीळ राहिला. शेंबड्या पोरालाही कळावं, इतका हा जोड उघडा दिसत होता. रामलिंगाला तो दिसत होता आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

रेणुकाबाईने फोटो पाहिला, मान हलवली आणि तो स्वयंपाकघरात नेला. चुलीच्या वरच्या भिंतीत खिळा ठोकून तिथे लावला. रामलिंगाने बोलायला तोंड उघडलं होतं. हजार गिऱ्हाइकांना त्याने बजावलं होतं, की फोटो चुलीपासून लांब लावा, धुराने आणि आचेने चार वर्षांत वाटोळं होतं. त्याने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

वाटोळं झालंच. आधी ढग पिवळे पडले, मग बर्फ. एकोणनव्वद साली लिंगराज सर कुठल्याशा लग्नाला हुलसूरला आले आणि चहाला घरी थांबले, तेव्हा डोंगर पार तांबूस-काळा झाला होता आणि त्यापुढच्या घोंगडीतलं पोरीचं तोंड नीट उमगत नव्हतं. सर हळहळले.

"अण्णा, निगेटिव्ह जपून ठेवली असेल की. नवा काढून लावा."

रामलिंगाने बायकोकडे बघितलं. रेणुकाबाई चुलीपुढे बसली होती.

"नको सर," ती म्हणाली. "आत्ता कुठं ऊब धरलीय लेकरानं."

आणि तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.