दुसऱ्याचा बॉल

पिरनवाडीत मला ओळखतात, पण बावीस वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळलो म्हणून नव्हे. ते अजून कुणाला नीट कळलेलंच नाही. माझे निपाणीचे सासरे तंबाखूच्या वखारीत बसून पाहुण्यांना सांगायचे, "जावई बॉल भोकात घालत्यात. पगार न्हाय. पडला तर पैसं, न्हाय पडला तर घरी." एवढ्या थोडक्यात माझी कारकीर्द मलाही सांगता आलेली नाही.

मला ओळखतात ते भर स्पर्धेत दुसऱ्याचाच बॉल मारला म्हणून. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणतं, "दादा, ते बॉलचं सांगा की." मग मी सांगतो. उभा राहून, पळी हातात घेऊन सांगतो. लोक ठसका लागेपर्यंत हसतात. दोन वर्षांत त्या गोष्टीला इतका मीठमसाला लावलाय, की मूळ गोष्ट घडलीच नव्हती हे माझं मलाही आठवत नसे.

घडलं ते असं.

माझा थोरला भाऊ, अण्णा, लष्करी कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर तीस वर्षं कामाला आहे. मी खेळायला शिकलो तो त्याच्या मागे मागे हिंडून. या मैदानाला पाण्याचं वावडं. भोकाभोवती जिथे हिरवळ असायची, तिथे वाळूत गाडीचं जळकं तेल कालवून थापलेली काळपट गोल जागा असते. तिला ब्राऊन म्हणतात. चालून चालून त्यात बुटांचे खळगे पडतात, म्हणून बॉल ढकलायच्या आधी भोकापर्यंतची वाट ओलसर पोतं ओढून सपाट करायची असते. इथे ते चालतं. नव्हे, केलंच पाहिजे. अण्णाचं सगळं आयुष्य त्या पोत्यामागे गेलं. त्याचा एकच मंत्र: "आधी पोतं, मग फटका."

सेहेचाळिसाव्या वर्षी माझे गुडघे वाजायला लागले होते. पाठीला रोज सकाळी समजवावं लागायचं. एसटीत काठ्यांच्या बॅगेला जागा मिळवताना मी कंडक्टरांशी कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत भांडून दमलो होतो. बायकोशी ठरलं होतं: ही शेवटची पात्रता फेरी. कार्ड मिळालं, म्हणजे वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायची परवानगी मिळाली, तर खेळायचं. नाही तर मुकाट्याने शिकवायला लागायचं.

नेहमीचा बॅगवाला ऐनवेळी आजारी पडला. त्याच्या जागी बॅग उचलायला अण्णाने चार दिवसांची रजा टाकली, भाकरी, शेंगाचटणी बांधून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा बेंगळुरू बघायला निघाला. रात्रभर बसमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसला. "खाली ठेव की," म्हटलं, तर म्हणे, "तू झोप रं. उद्या तुला खेळायचं हाय, मला न्हाय."

तीन दिवस मी बरा खेळलो. बरा म्हणजे काठावर. शेवटच्या दिवशी पाळी पहिल्यांदाच भल्या सकाळी आली आणि दुसऱ्याच होलला बॉल भोकापासून दहा-बारा फुटांवर आला. हिरवळ नव्या नवरीसारखी, तिच्यावर पांढरं दव. अण्णाने आपला मोठा टॉवेल काढला, उलगडला, आणि बॉलपासून भोकापर्यंत सरळ ओढत नेला. तीस वर्षांच्या हाताने, अगदी अलगद.

मी काय करत होतो? बघत होतो. हिरवळीवर दव पुसायचं नाही, पुसलं तर दोन फटके दंड, हा नियम मला बाराखडीसारखा पाठ. पण अण्णा ओढतोय आणि मी पटर, म्हणजे बॉल ढकलायची काठी, घेऊन थांबलोय, हे चित्र नियमाच्याही आधीपासून डोळ्यांत बसलेलं. वर मी म्हणालो, "अण्णा, जरा डावीकडनं."

बॉल सरळ भोकात गेला. अण्णा म्हणाला, "बघ! आधी पोतं." आणि बॅग उचलून खुशीत पुढे चालू लागला.

माझ्याबरोबर खेळणारा, माझे फटके लिहून ठेवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. त्याचा चेहरा पडला होता. "अंकल," तो हळूच म्हणाला, "वो ओस..."

"माहीत आहे," मी म्हणालो. "दोन वाढवून लिही. फक्त त्यांच्यासमोर बोलू नको."

त्यानंतर प्रत्येक हिरवळीवर टॉवेल घाम पुसायला म्हणून मी मागून घेतला; ते सोळा होल कसे खेळलो ते विचारू नका. कार्ड एका फटक्याने गेलं.

अण्णा बोटांवर मोजायचा. त्याच्या हिशोबाने मी एका फटक्याने आत होतो. "दोन जास्तीचं कुठनं आलं रं?" तो गुणांच्या फळ्यासमोर उभा राहून विचारत राहिला. त्याच्या खांद्यावर तोच टॉवेल. मला जे सुचलं ते बोललो, "सातव्याला तू पाण्याला गेलतास न्हवं? तवा मी दुसऱ्याचाच बॉल मारला."

अण्णाने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं खरं सांगणं सोपं गेलं असतं. "बावीस वर्षं खेळून?"

"व्हय."

"डोळं फुटलं व्हतं काय रं?"

गावात पोचेपर्यंत ही गोष्ट त्यानेच चौघांना फोनवरून सांगितली होती. पुढे ती मी माझी करून टाकली.

आता मी कॅम्पात तीन निवृत्त साहेबांना शिकवतो. साहेबांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. मागच्या महिन्यात त्यातले एक पुण्याला हिरवळीवर खेळायला जाणार होते. त्यांनी विचारलं, सकाळी दव असलं तर? मी हिंदीतून ऐटीत सांगितलं: हात लावायचा नाही. तुम्ही पुसलं काय नि बॅगवाल्याने पुसलं काय, दोन फटके दंड.

मागे पोतं ओढल्याचा खर्र आवाज येत होता. तो थांबला.

साहेब गेल्यावर अण्णा जवळ आला. "किती फटकं म्हणालास?"

"दोन."

"आनि तुजं कार्ड कितीनं गेलतं?"

त्याला मोजता येतं.

तो बराच वेळ पोत्याच्या दोरीची गाठ सोडत, बांधत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे दोन वर्सं लग्नात पळी घेऊन नाचलास, ते..."

"लोकं हसत्यात की."

"मीबी हसलो की रं."

मी ब्राऊनच्या कडेला एक बॉल टाकला आणि सवयीने थांबलो. अण्णाने पोतं उचललं, पण वाटेवरून ओढलं नाही. घडी घालून खांद्यावर टाकलं आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

"मार तसाच," तो म्हणाला.

मारला. बॉल चार हात नीट गेला आणि साहेबांच्या बुटाच्या खळग्यात जाऊन बसला.

"हां," अण्णा म्हणाला. "आता हे सांग जा लोकांस्नी."