गोठ्यातला ताप

चैत्र, १९४४. रहिमतपूरजवळच्या आमच्या घरी सोप्यात हजर होते ते असे: सासरे, सासूबाई, तालुक्याहून आलेले डॉक्टर, मी म्हणजे थोरली सून, आणि घोंगड्यावर तापानं फणफणलेली माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा पलटणीत, लांब बंगालकडं. त्यामुळं तिच्या बाजूचं कुणी हजर नव्हतं.

आमच्या घरात नव्या सुनेनं म्हशींची गोचिडं काढायची, असा रिवाज होता. सकाळी धारा झाल्या की खापरात निखारे घेऊन गोठ्यात बसायचं, गोचीड उपटायचं आणि निखाऱ्यावर टाकायचं. घाई असली तर नखानं चिरडायचं. सासूबाईंनी ते केलं, मी केलं, आता तिची पाळी होती. ती आटपाडीकडची, बापाच्या घरी मेंढरं. सासूबाई तिला नावानं हाक मारत नसत, मेंढरी म्हणत.

अंगावर पुरळ उठलं तेव्हा सासूबाईंनी देवी आल्या म्हणून दाराला लिंबाचे डहाळे बांधले आणि औषध बंद केलं. पण फोड भरेनात. पुरळ मनगटांवरून तळहातांवर आलं, तळपायांवरही आलं. देवीच्या फोडांसारखं ते दिसेना, म्हणून मी सासऱ्यांच्या मागे लागून डॉक्टर बोलावले.

डॉक्टरांनी तिचे तळहात उघडून पाहिले. मग गुडघ्यामागं पाहिलं, तिथं गोचीड चावल्याची काळी खपली होती. हा गोचिडांचा ताप आहे, म्हणाले. नेमकं औषध नाही. तिला हलवू नका, पाणी पाजत राहा, आणि गोठ्याच्या भेगा जाळून लिंपून घ्या.

गोठ्याचं नाव निघाल्यावर सासरे ताठ झाले.

"डॉक्टर, ह्यो रोग आपल्या मुलखात न्हाई. हितं हिवताप असतो."

कुणी बघितलंच नाही तर सापडेल कसा, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी त्यावर तोडगा काढला.

"आपल्या मुलखात न्हाई, तर तिच्या म्हायारी असंल. जाऊ दे तितंच."

वाटेत दगावेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तिकडची माणसं चिवट असतात, असं त्यांना उत्तर मिळालं.

सकाळी गाडी जुंपली. मी खाली कडबा जाड अंथरला, पाण्याची घागर आणि पेजेची लोटी दिली. तिनं माझा हात धरला.

"आक्का, मला परत आनशीला न्हवं?"

मी हो म्हटलं. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "आदी जगून तर दाव."

गोचिडांचं काम माझ्याकडं आलं. पाऊस लागायच्या आत मला ताप आला. तेच पुरळ, तेच तळहात, कमरेवर तीच काळी खपली. मी आटपाडी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. डॉक्टर पुन्हा आले आणि माझे तळहात उघडून सासऱ्यांना दाखवले. सासऱ्यांनी पान लावायला घेतलं.

"जाताना ठिवून गेली बघा अवदसा," सासूबाई म्हणाल्या.

मला कुठं पाठवलं नाही. माझ्या पदरी दोन मुलगे होते.

मी उठले ती पहिलं काम गोठ्याचं काढलं. ताप म्हटलं असतं तर सासऱ्यांनी माती आणू दिली नसती, म्हणून उंदीर झालेत म्हटलं. उंदरांना त्यांची हरकत नव्हती. भेगा पलित्यानं जाळल्या, शेणमातीनं लिंपल्या. म्हशींची अंगं आता गडी बघतो.

विट्याच्या एका माणसाकडून कळलं की ती जगली, पण कानांनी गेली. मी जेवताना तिला परत आणायचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, बहिऱ्या सुनेला हाका कुणी मारायच्या? घरात तिला नावानं हाक मारणारी मी एकटीच होते, आणि मी तिच्याजवळ जाऊन बोलायला तयार होते. पुढं दीर रजेवर आले, आईचं सगळं ऐकून घेतलं, बघू म्हणाले आणि पलटणीत परत गेले.

गोठ्याचं काम उरकलं आहे. आटपाडीला गाडी पाठवायची राहिली आहे.