रविवारच्या सह्या

धुकं इतकं दाट की बांधावरचा आंबा नुसता काळा ठिपका दिसत होता. भाताचे भारे दवानं जड झालेले. ऊन वर येईतो झोडणी व्हायची नव्हती. तोवर रिकामं कशाला बसायचं म्हणून सुलक्षणाबाई खळं सारवत होत्या. हात कोपरापर्यंत शेणात, पदर कमरेला. तेवढ्यात सावळा धनगर आला आणि कडेला उकिडवा बसला.

भात निघालं की सावळाची मेंढरं दरसाल त्यांच्या खाचरात बसायची. खत बाईंना, पायलीभर तांदूळ सावळाला. तो त्याचंच विचारायला आला असेल, असं त्यांना वाटलं. पण सावळानं वेगळंच काढलं. टेकडीखालच्या गायरानात खुंट्या ठोकल्यात म्हणाला. पुण्याहून फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला ती जागा द्यायचा ग्रामसभेचा ठराव झालाय.

"तुमच्या लोकांच्या सह्या बी हायती म्हनं त्याच्यावर. तुमाला ठावं आसंल म्हनून इचारतो. आमी मेंढरं कुठं न्यायची?"

तो रागानं बोलला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पण तो खरंच विचारत होता.

उत्रोलीपासून दोन मैलांवरच्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं सहा. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी प्रार्थनेला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं काम सुलक्षणाबाईंचं. माहेर भोरचं. वडील दवाखान्यात कंपाउंडर, पोरींना वाचता आलंच पाहिजे या मताचे. लग्न होऊन वाडीत आल्या, अंगणवाडीत मदतनीस झाल्या, नवरा गेल्यावर शेतही त्यांनीच ओढलं. वाडीतल्या निम्म्या पोरांची नाकं त्यांनी पुसलेली. त्यामुळं बाईंनी केलं ते बरोबर, अशी सगळ्यांची समजूत.

आणि वाडीचा एक रिवाज होता. ग्रामसभेला माणसं कधी पुरेशी जमत नसत. मग शिपाई कोंडिबा रजिस्टर घेऊन दारोदार हिंडायचा. ख्रिस्ती घरांसाठी मात्र त्याला हिंडावं लागत नसे, रविवारी ती एका जागी सापडायची. तो चपला काढून दारात उभा राहायचा आणि शेवटचं आमेन झालं की रजिस्टर पुढं करायचा. पहिली सही बाईंची, मग त्यांच्याकडं बघून बाकीच्यांची. वर काय लिहिलंय हे कुणी विचारत नसे, कारण वर काही लिहिलेलंच नसे. ठराव मागाहून चढायचे.

गेल्या रविवारी कोंडिबा खुशीत होता. औंदा तुमचा रस्ता हाय यात, म्हणाला. रस्ता म्हणजे दफनभूमीचा. मागच्या श्रावणात बाईंच्या सासूबाई गेल्या, तेव्हा खाचरातून पेटी नेताना धाकट्या दिराचा, अजितचा, पाय रुतला आणि पेटी चिखलात टेकली. त्या दिवसापासून अजितनं पंचायतीत हेलपाटे घातले होते. म्हणून सह्या आनंदानं झाल्या. चुलतसासू रतनबाईंना दिसत नाही, त्यांची सही बाईंनीच केली. नेहमीसारखी.

सावळा गेला तशा बाई हात धुऊन पंचायतीत गेल्या. रजिस्टर पाहिलं. रस्त्याचा ठराव चौथा, गायरानाचा पाचवा. सह्या दोन्हींना त्याच.

शनिवारी त्यांनी उद्याचं वाचन काढलं. पाळकसाहेबांच्या तक्त्यात द्राक्षमळ्याची गोष्ट आली होती. राजाला शेजाऱ्याचा मळा हवा होता आणि शेजारी वाडवडलांची जमीन देईना. मग राणीनं राजाच्या नावानं पत्रं धाडली, गावच्या वडीलमंडळींनी सभा भरवली, खोटे साक्षीदार उभे केले आणि मळेवाल्याचा जीव घेतला. लहानपणापासून बाईंना या गोष्टीत राणीच दिसायची. मुलांना शिकवताना त्यांनी तिला पोटभर नावं ठेवली होती. आज नजर अडली ती वडीलमंडळींवर. त्यांचं मळेवाल्याशी वैर नव्हतं. मळ्यातलं त्यांना काही मिळणारही नव्हतं. वरून कागद आला, त्यावर शिक्का होता, सांगितलं तसं करून मोकळे झाले. मग घरी जाऊन जेवलेही असतील. शास्त्रानं त्यांची नावंसुद्धा लिहिली नाहीत. आपली मात्र ओळीनं लिहिलेली आहेत, बाईंच्या मनात आलं, आणि पहिलं माझंच.

रविवारी वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सरळ सांगितलं. जी सभा झालीच नाही, तिला हजर होतो म्हणून आपण सही केली. मी माझी परत घेणार आहे.

अजित उठून उभा राहिला. "वयनी, आईची पेटी चिखलात टेकली तवा तुमी मागंच व्हता."

"व्हते."

"मंग? त्या कागदासंगं रस्ता बी जाईल. आन आपली घरं सहा. दिवस कसे हायती बघताय न्हवं? गप ऱ्हायलं तर कुनी वाकडं बघत न्हाई."

ही भीती खोटी नव्हती. मोबाईलवर काय काय फिरतं ते बाईही बघत होत्या. आपण थोडे, जपून राहायचं, हे त्यांच्या वडलांनीही शिकवलं होतं. पण जपून राहणं निराळं आणि दुसऱ्याच्या चराईवरून आपला रस्ता काढणं निराळं.

"भावजी, रस्त्यासाठी म्या पुन्हा अर्ज करीन, तुमच्यासंगं हेलपाटं बी घालीन. पर मेंढरं कुठं न्यायची, आसं सावळानं मला इचारलंय. त्याला काय सांगू, तुमीच सांगा."

अजित खाली बसला. कोपऱ्यातून रतनबाई म्हणाल्या, "माजी सही म्या कवा केलीच न्हाई, तर परत काय घिऊ? तू केलीस, तूच जाऊन खोड."

दोघं-तिघं हसले. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

सोमवारी त्या एकट्याच गेल्या. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, माझी सही सभेत झालेली नाही, आणि रतनबाईंची मीच केली. ग्रामसेवकानं अर्ज दोनदा वाचला. दुसरं वाक्य तुमच्या अंगाशी येईल बाई, काढून टाका, असं त्यानं भल्यासाठीच सुचवलं. बाईंनी काढलं नाही. पोच मागून घेतली. सह्या सभेतल्या नाहीत असं लेखी आलं, म्हणजे दोन्ही ठराव आता पुढच्या सभेत नव्यानं येतील, तो म्हणाला. रस्त्याचं काही सांगता येत नाही.

बाहेर कोंडिबा खांबाला टेकून उभा होता. "बाई, म्या आता रविवारी यायचं का न्हाई?"

"ये की. रजिस्टर हितं ठिवून ये. च्या पिऊन जा."

घरी आल्या तर ओट्यावर अजित. त्यांनी चहा टाकला. तो कपाला हात न लावता बसून राहिला.

"गेला न्हवं रस्ता?"

"सध्या तरी गेला."

"फुडच्या पावसात कुनी गेलं, तर चिखलात खांदा तुमी द्या, वयनी."

"देईन," बाई म्हणाल्या.

अजित उठला आणि मागं न बघता आपल्या घराकडं गेला. चहावर साय धरली. गोठ्यात म्हैस कधीची ओरडत होती. बाईंनी दावं सोडलं आणि तिला पाणी दाखवायला ओढ्याकडं निघाल्या.