काठ कापलेली पट्टी

निवृत्त झाल्यापासून मला तरुण इंजिनिअरांपुढे बोलायला बोलावतात. अवकाश प्रकल्प कसे सांभाळले, त्यातून काय शिकलात, ते सांगा म्हणतात. मीही घसा खाकरून सांगतो, काम करणाऱ्या हातांचं ऐका. टाळ्या पडतात. हे मी कुठे शिकलो ते कोणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या छोट्या रॉकेटमधली उपकरणं पॅराशूटने खाली उतरवायची होती. पॅराशूटच्या पट्ट्यांचं काम माझ्याकडे आलं. पहिलीच जबाबदारी, त्यामुळे अक्कल कमी आणि फायली फार. पट्टी सोलापुरात, आमच्याच गल्लीत विणून घेऊ, असं मीच सुचवलं. देशी कारागिरी वगैरे बोललो. खरं म्हणजे मी किती मोठा झालोय ते गल्लीला दाखवायचं होतं.

विणणारे मामा शेजारच्या तेलुगू घरातले. लहानपणी मी त्यांच्या मागाखाली लपायचो. आता ते मला 'साहेब' म्हणाले आणि मी खुशाल म्हणू दिलं. धागा आम्ही पाठवला, सोबत सात सह्यांचं ड्रॉइंग.

पट्टी तयार झाली ती बघून माझं डोकंच फिरलं. दोन्ही कडांना लाल काठ! सूतही मामांनी पदरचं घातलेलं. रुंदी तेवढी वाढलेली.

"हे कुणी सांगितलं होतं?"

"बिनकाठाचं कापड मयताला लागतंय की, साहेब. आभाळात जायची वस्तू तशी कशी द्यायची?"

"कापा तो काठ."

मामांनी पट्टी छातीशी धरली. "कापू नका. सगळा जीव काठात हाय. त्यो गेला की उसवत जातंय बगा. रुंद झाली तर दुसरी विणून देतो, आठ दिवस द्या."

आठ दिवस माझ्या तक्त्यात बसत नव्हते. मी रॉकेटवर भरपूर ज्ञान पाजळलं आणि कात्री मागितली.

चाचणीत विमानातून वजन सोडलं. पॅराशूट उघडलं, पट्ट्या कडांपासून उसवत गेल्या आणि वजन धाडकन जमिनीत रुतलं. चौकशीच्या कागदावर कारणासाठी एक ओळ मोकळी होती. मी लिहिलं, 'विणकामातील दोष.' याची मला अजून लाज वाटते. मामांना पुन्हा काम द्यायचं नाही असं ठरलं. माझी खुर्ची शाबूत राहिली.

दिवाळीला घरी गेलो तर मामा वाटच बघत होते.

"गेली का वर आपली पट्टी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"गेली," मी म्हणालो.

मामांनी डोळे पुसले. आतून साखरेची वाटी आणली आणि गल्लीत वाटायला निघाले. पहिली चिमूट माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.