राखीव गोलकीपर

मला घरात बसवत नाही. फुटबॉल सोडून वर्ष होऊन गेलं, तरी सकाळी चहा झाला की मी पडवीत येरझाऱ्या घालायला लागतो. मग उगाच गाडी काढून नेरळला जातो, एखादी वस्तू आणतो, परत येतो आणि पुन्हा येरझाऱ्या. "टेक की रं जरा," आई म्हणते, "पायाला भिंगरी बांधलीय का?"

आता हसू येतं ते याचं, की मी आयुष्यभर पगार घेतला तो मुख्यतः बसण्याचाच. गोवा, कोलकाता, केरळ, जिथे करार मिळाला तिथे खेळलो म्हणजे बसलो. मी दुसरा गोलकीपर. बाकीचे खेळाडू दमले की बदलतात. गोलकीपर दमला म्हणून कोणी त्याला बदलत नाही. त्याला लागलं किंवा रेफ्रीने बाहेर काढलं, तरच दुसऱ्याचा नंबर. मी रोज पहिल्या गोलकीपरइतकाच सराव करायचो, मॅचआधी त्याला चेंडू मारून गरम करायचो, आणि मग ग्लोव्हज मांडीवर ठेवून बाकावर. तो नुसता खोकला तरी माझे तळवे ओले व्हायचे.

वाट्याला आल्या त्या मोजक्या मॅचपैकी एकच टीव्हीवर दाखवली, आणि त्या दिवशी आमच्या गावात नेमकी लाईट गेलेली. बाकावर बसलेला मी मात्र आईला अनेकदा दिसलो. कॅमेरा मधूनच बाकावरून फिरायचा. "दिसला, दिसला!" असं ओरडून ती समाधानाने आपल्या कामाला लागायची. बाजारात कोणी विचारलं की सांगायची, "माजा पोर बसून पगार घेतो. आमच्यासारखं चिखलात राबनं नाय." लोक हसायचे, मीही हसायचो. आतून मात्र जळायचो. बाईने शेतात कंबर मोडून मला वाढवलं आणि तिला वाटतंय, मला खुर्ची मिळाली. हिने एकदा मला खेळताना बघावं, एवढंच निवृत्तीनंतर डोक्यात राहिलं होतं. तेच मला बसू देत नव्हतं.

थोरला भाऊ साजगावला एका कारखान्यात आहे. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात कामगारांची टीम आणि बाहेरचे जुने खेळाडू अशी मॅच ठरली. भावाने माझं नाव दिलं. "दुसरा गोलकीपर कोण आहे?" मी विचारलं. "दुसरा कोणी नाय," भाऊ म्हणाला. मी पुन्हा विचारलं. तो वैतागला. उजवा खांदा गेलाय, आता उडी मारू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. ते मी घरात सांगितलंच नाही.

आईला फक्त म्हटलं, "आये, रविवारी मॅच हाय, चल." मी खेळणार आहे हे काही बोललो नाही. बाकावर इतकी वर्षं काढलेला माणूस असं तोंडाने बोलत नाही. बोललं की हटकून काहीतरी आडवं येतं. शिवाय तिने मला अचानक तिथे उभं बघावं, अशी माझी हौस होती.

रविवारी भाऊ जेवणाच्या व्यवस्थेत अडकलेला. मीच आईला मांडवात पुढच्या खुर्चीवर बसवलं. आजूबाजूला कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका, सगळ्या अनोळखी. शेजारीच आमच्या राखीव खेळाडूंच्या खुर्च्या. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. पण गोलातला माणूस दिसेल एवढी नजर तिला नक्कीच आहे, असा मी हिशेब केला. कर्ण्यावर नावं पुकारली, तेव्हा खरखरीत कोणाचंच नाव धड कळलं नाही.

मॅच सुरू झाली. भीती होती, आनंदही होता. कामगारांची पोरं तरणीबांड, तुफान धावत होती. मी घसा फोडून ओरडत होतो, याला मागे घे, त्याला पकड. चेंडू पलीकडे गेला की मांडवाकडे बघायचो. आईचं तोंड भलतीकडेच. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या एकाने कोपऱ्यात असा चेंडू हाणला की मी डॉक्टरांना विसरलो. हात पुरा ताणून उडी मारली, चेंडू बोटांनी बाहेर ढकलला आणि खांद्यावर आपटलो. सगळं मैदान ओरडलं. मला थोडा वेळ उठताच आलं नाही. पण पडल्या पडल्या मनात एकच, बघितलं असेल ना तिने?

आम्ही एका गोलने हरलो. कारखान्याने सगळ्यांना पांढरे टी-शर्ट वाटले. मी तो घाईघाईने जर्सीवरच चढवला आणि मांडवाकडे धावलो. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"नाय घेतलं ना रं टीममंदी? जाऊ दे," ती म्हणाली. "मी सारखी बघत व्हते. तू तर खुर्चीवर पन नव्हतास. मला वाटलं, रुसून गेलास का काय."

माझं डोकंच फिरलं. "खुर्चीकडं काय बघत बसलीस? गोलात कोण हाय ते बघायचंस ना!"

"तिकडं कशाला बघू? तिकडं दुसऱ्याचं पोर असतं."

ती हे इतक्या सहज म्हणाली की माझा राग जागच्या जागी बसला. इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून या बाईने गोलाकडे कधी नजरच टाकली नव्हती. तिचं पोर होतं तिथेच ती बघत होती. मी नुसता ग्लोव्हजचा पट्टा सोडत, लावत उभा राहिलो.

"एकदाच बघितलं," ती म्हणाली. "लोक वरडले तवा. त्ये हिरव्या कपड्यातलं पोर असं आपटलं, आनि उठंचना! त्याची आय असंल का रं हितं? कुनाचं व्हतं ते पोर?"

मी डाव्या हाताने टी-शर्ट वर केला. आत हिरवी जर्सी.

"तुजंच."

ती मग उठून उभी राहिली, आणि एवढ्या बायकांसमोर माझा उजवा खांदा दोन्ही हातांनी चाचपायला लागली.

"लई लागलं का रं?"

पगारावर खेळायला लागल्यापासून हा प्रश्न आईने मला पहिल्यांदाच विचारला.

"लई," मी म्हणालो.