ओळीत लावलेली पुस्तकं

चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. वाकडं काही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि घरीही मी तसाच. बायको म्हणते, तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे रोजचं ऑडिट.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या आवाजाने खाल्ले. आता दोन्ही कानांत ऐकायचं मशीन आहे, आणि उरलंसुरलंही जाणार असं डॉक्टरांनी सांगितलंय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे एकाच कॅसेटवर आहे. आत्याच्या हळदीसाठी ती घरात गाणी म्हणून बघत होती, ती कुणीतरी भरून घेतली होती. ती मी पेन ड्राइव्हवर उतरवली, चांगले स्पीकर आणले, मोशीच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी केली आणि अण्णांना नेऊन बसवलं.

"नुसता घोंगाट हाय," ते म्हणाले.

खोलीत टाळी वाजवली की ती भिंतींवर आपटत टणटणत राहायची. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या, आणि मशीन सगळंच मोठं करून कानात ओतणार. त्यात शब्द कुठून कळणार? मला चैन पडेना. आई त्यांच्या कानांतून रोज थोडी थोडी निघून चालली होती, आणि मी नुसता स्पीकर पुढे-मागे सरकवत होतो. पुस्तकांचं कपाट आवाज गिळतं, असं कुठेतरी वाचलं. लगेच दोन भिंतींना छतापर्यंत रॅक करून घेतले. घरातली पुस्तकं कमी पडली म्हणून पिंपरीच्या रद्दीवाल्याकडून पोत्यानं आणली. उंचीप्रमाणे लावली, पट्टी धरून सगळ्यांच्या कडा एका रेषेत आणल्या. कंपनीत टापटीप तपासणाऱ्या फाइव्ह एसवाल्यांनी फोटो काढून बोर्डावर लावावा अशी भिंत झाली. टाळी वाजवली. टणटण जरा मऊ झाली, पण गेली नाही. मी इतका चिडलो की रॅकला लाथ घालावीशी वाटली.

अण्णांना रिकामं बसवत नाही. ते एकेक पुस्तक काढायचे, चित्रं बघायचे आणि परत कसंही खुपसायचे. एक आत, एक बाहेर, एक आडवं. कामावरून आलो की मी आधी ते सरळ करायचो. मग कंपनीत ऑडिट आलं आणि आठवडाभर मला त्या खोलीत डोकावता आलं नाही. रविवारी बघतो तर रॅकचा पार उकिरडा. अण्णा पाठमोरे उभे होते. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "सरळ ठेवायला काय होतं यांना?"

"ठेवतो की. चिडतोस कशाला?" ते न वळता म्हणाले.

एरवी माझे ओठ दिसल्याशिवाय त्यांना काही कळत नाही. मी टाळी वाजवली. ती वाजली आणि जागीच थांबली. एका पातळीत लावलेली पुस्तकं म्हणजे आवाज परत फेकणारी दुसरी भिंतच की, आणि ती मीच पट्टी धरून उभी केली होती. अण्णा हातातलं पुस्तक सरळ लावायला निघाले होते. "आडवंच टाका," म्हणालो आणि घाईघाईने रेकॉर्डिंग लावलं.

गाणं संपल्यावर आई हसते आणि म्हणते, "बास आता. ह्यांची शिफ्ट सुटली आसंल, भाकरी टाकते." मला ते पाठ होतं. अण्णांनी कधी ऐकलंच नव्हतं. कॅसेट आत्याकडून आमच्या घरात आली तीच आई गेल्यावर, आणि तोवर त्यांना शब्द कळेनासे झाले होते.

ते खुर्चीत पुढे सरकले. "गाणं नगं. ते शेवटचं लाव."

लावलं. परत लाव म्हणाले, परत लावलं. तेवढ्यात अण्णा स्पीकरकडे बघत, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "टाक. आलोच मी."